वीस वर्षांची टर्बो गाडी



आज पिकाचं काही लिहीत नाही. फरदड उपटून झाली, हरभरा घाट्यात आहे, गव्हाला पाणी चालू आहे. मधले दोन दिवस गाडीच्या कागदपत्रांत गेले. आपली स्कॉर्पिओ २००६ च्या जानेवारीत पासिंग झालेली, म्हणजे या महिन्यात तिला वीस वर्षं पूर्ण. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०२१ मध्ये, एकदा रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं होतं. त्या वेळी फी होती सहाशे रुपये. २०२२ च्या एप्रिलपासून ती पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार केली. पर्यावरण कर वेगळा, नवीन नंबर प्लेट वेगळी, हेलपाटे वेगळे.

मुलगा म्हणाला, "आबा, आते इकी टाका ना ती गाडी."

मी लगेच काही बोललो नाही. गाडी रोजची आहे. सकाळी शेतात, आठवड्यातून दोनदा धुळ्याला, बाजाराच्या दिवशी मागच्या सीटवर माणसं कमी आणि खताच्या गोण्या जास्त. वीस वर्षांची टर्बो गाडी रोज चालवणं शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न बऱ्याच जणांच्या अंगणात उभा आहे. बोलेरो, सुमो, सफारी, स्कॉर्पिओ, प्रत्येक गावात दोन-चार तरी आहेत. म्हणून म्हटलं, हा टर्बो आपल्याकडे आला कसा, त्यानं आपल्याकडून काय मागितलं आणि आपण काय दिलं, ते एकदा लिहून काढावं. माझं शिक्षण दहावीपर्यंत. पण इंजिनातलं थोडंफार हात काळे करून शिकलोय.

आमच्या लहानपणी पारोळ्यात गाडी म्हणजे जीप. गाव पडलं जुन्या सहा नंबर हायवेवर, एका हाताला धुळं, एका हाताला एरंडोल-जळगाव. काळी-पिवळी भरून जायची. आत बारा, मागे लटकलेले चार, टपावर कोंबड्यांची पाटी. त्यातल्या महिंद्राच्या बऱ्याच डिझेल जीपांत २१०० सीसीचं इंजिन असायचं. ते मूळ फ्रान्सच्या पेजो कंपनीचं, लायसन घेऊन आपल्याकडे बनवलेलं. त्याला टर्बो नव्हता. हवा स्वतःच्या दमानं ओढायचं आणि ठुकठुक चालायचं. ऑइल गळालं तर वरून ओतायचं, काळं झालं तर काळंच चालवायचं. हवेचा फिल्टर तेलात बुडालेला, जुन्या ट्रॅक्टरला असतो तसा. ड्रायव्हर गाडी थांबण्याआधीच इंजिन बंद करायचा आणि उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा. (हे दुसरं करू नका, ब्रेक जातात.) इंजिन सगळं सहन करायचं.

सहन करायचं, पण चढायचं नाही. चाळीसगावहून कन्नडला जायचं तर मधे औट्रम घाट, आपण त्याला कन्नडचा घाट म्हणतो. भरलेली जीप पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडत चढायची. अर्ध्या घाटात रेडिएटर उकळायचा, मग मागच्या चाकाला दगड आणि बाजूला कळशी घेऊन बसलेला क्लीनर. चैत्रात सप्तशृंगीला जाताना तीच गत. आम्हाला वाटायचं, घाट म्हणजे असंच असतं.

आता जरा लांबचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं लागणार नाही.

इंजिनात जेवढं डिझेल जळतं त्याच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर जातो. स्वित्झर्लंडमध्ये आल्फ्रेड ब्यूखी नावाचा एक इंजिनिअर होता. त्याला ही नासाडी दिसली आणि १९०५ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. कल्पना आपल्याला समजेल अशी आहे. उफणणीचा पंखा डोळ्यांपुढे आणा. एकाच दांड्याला दोन पंखे. एका पंख्यावर इंजिनाचा गरम धूर आदळतो आणि तो फिरतो. दांडा एकच असल्यामुळे दुसरा पंखाही फिरतो, आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. फेकून द्यायच्या धुरातून काम काढायचं.

कल्पना १९०५ ची, पण कामाला यायला वीस वर्षं गेली. एवढ्या उष्णतेत टिकणारं लोखंड आणि एवढ्या वेगात टिकणारे बुश नव्हते. मधल्या काळात, १९१८ मध्ये, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यानं विमानाचं इंजिन चौदा हजार फुटांच्या पाइक्स पीक डोंगरावर नेऊन चालवलं. उंचावर हवा विरळ असते आणि इंजिनाचा दम जातो. टर्बो लावल्यावर तो परत आला. मग १९२० च्या दशकाच्या मध्याला जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांना ब्यूखीचे टर्बो लागले. १७५० हॉर्सपॉवरची इंजिनं २५०० ची झाली. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीनं ट्रकला लावला. अमेरिकेत १९६२ मध्ये पेट्रोल कारला लागला, पण तिथं पेट्रोल पाण्यासारखं स्वस्त, कोणाला गरज वाटली नाही. १९७३ ला अरबांनी तेल आखडलं तेव्हा सगळ्यांना डिझेल आठवलं. १९७८ मध्ये मर्सिडीजनं टर्बो डिझेल कार काढली, पुढच्या वर्षी पेजोनं.

ही पेजोची टर्बो कार ६०४ नावाची. तिचं इंजिन आणि आपल्या जीपचं इंजिन एकाच घराण्यातलं. म्हणजे ज्या खानदानातला एक भाऊ तिकडे टर्बो लावून पळत होता, त्याचा दुसरा भाऊ आपल्याकडे कन्नडच्या घाटात चाकाला दगड लावून उभा होता. मला हे वाचल्यावर हसू आलं आणि थोडा रागही आला.

आपल्याकडे टर्बो आधी ट्रकला दिसला. कारच्या बाबतीत पुण्याच्या टेल्कोचं नाव घ्यावं लागेल. १९९४ ला सुमो आली. सुमंत मूळगावकर यांच्या नावाची पहिली अक्षरं जोडून ते नाव केलेलं, पहिलवानाचा काही संबंध नाही. तिचं इंजिन १९४८ सीसीचं, बिनटर्बोचं, ताकद साठ-सत्तर हॉर्सपॉवरच्या घरात. १९९८ ला सफारी आली ती तेवढ्याच सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून, आणि ताकद गेली नव्वदच्या आसपास. सफारी पुढाऱ्यांची गाडी. आम्ही ती हायवेवर फक्त पाहिली.

स्कॉर्पिओ मात्र जवळची, नाशिकची. महिंद्रानं हे काम १९९७ च्या सुमारास हातात घेतलं. पवन गोयंका हे अमेरिकेतल्या जनरल मोटर्समधली नोकरी सोडून १९९३ मध्ये महिंद्रात आले होते, त्यांच्या नेतृत्वाखाली नाशिकला गाडी तयार झाली. इंजिनाच्या कामात ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीची मदत घेतली. २००२ च्या जूनमध्ये गाडी बाजारात आली. २६०० सीसीचं डिझेल, टर्बो, इंटरकूलर, १०९ हॉर्सपॉवर. ज्या कंपनीचं नाव घेतलं की आमच्या डोळ्यांपुढे जीप आणि ट्रॅक्टर यायचा, तिनं ही गाडी काढली. पुढे सीआरडीई आली, मग एमहॉक. माझी त्या दोन्हींच्या आधीच्या जातीची, मेकॅनिकल पंपाची.

मी ती नवी घेतलेली नाही. २०१०-११ च्या हंगामात कापसानं कधी नव्हे तो भाव पाहिला, सहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी वेळेत विकला त्यांच्या हातात पैसा आला. मी निम्मा वेळेत विकला, निम्मा घरात ठेवून फसलो. पहिल्या निम्म्यात ही पाच वर्षं वापरलेली गाडी आली. पहिल्यांदा कन्नडचा घाट चढलो तेव्हा तिसऱ्या गिअरवर. मधे थांबायची गरजच पडली नाही. नाना, म्हणजे माझे वडील, शेजारी बसले होते. ते म्हणाले, "पाणी नाही घालायचं का हिला?"

आणि मी ती गाडी जीपसारखीच वापरली. घोडचूक इथंच झाली.

२०१४ च्या नोव्हेंबरची रात्र. नानांच्या छातीत दुखायला लागलं. गाडीत घातलं आणि धुळ्याकडे निघालो, पस्तीसेक किलोमीटर. मी दाबली होती. मुकटीच्या अलीकडे एकदम शिट्टीसारखा आवाज वाढला, मग खरखर, आणि मागे निळ्या धुराचा ढग. आरशात काही दिसेना. गाडीतला दमच गेला, पायाखाली पेडल पूर्ण दाबलेलं आणि काटा तीसवर. बाजूला घेतली. दुधाची एक गाडी मागून येत होती, तिनं नानांना आणि माझ्या भावाला घेतलं. मी रस्त्यावर अंधारात धुराच्या वासात उभा. नाना वाचले, पुढे चार वर्षं जगले. पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून धुळ्याला नेली. मिस्तरीनं टर्बो खोलला आणि दांडा हातानं हलवून दाखवला, खिळखिळा. मग ऑइल येणारी बारीक नळी आपटली, तर आतून काळा कोळसा पडला. तो म्हणाला, "भाऊ, ऑइल कधी बदललं?" मी गप्प. कापूस विकल्यावर बदलू म्हणून दोन महिने ढकललं होतं, आणि त्यातही स्वस्तातलं टाकलं होतं. यात गाडीचा दोष नव्हता.

त्यानं समजावलं ते असं. आपली बोअरची मोटार मिनिटाला २८००-२९०० फेरे मारते. टर्बोचा दांडा लाखाच्या वर मारतो. एवढ्या वेगाला तो बेअरिंगवर टेकलेला नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. एका टोकाला धुराची सहाशे-सातशे अंशांची आग, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मधे ते ऑइल. गाडी पळवत आणून दारात थांबल्या थांबल्या चावी फिरवली की इंजिन बंद, ऑइल पंप बंद. पण टर्बो अजून फिरतोय आणि तापलेला आहे. थांबलेलं ऑइल तिथंच करपतं, फोडणी करपावी तसं. रोज थोडं थोडं करपून नळी अरुंद होते. मी रोज हेच करत होतो, थेंबभर डिझेल वाचवायला.

अजून एक गोष्ट त्यानं सांगितली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. टर्बोचं सील गेलं की ऑइल हवेच्या वाटेनं इंजिनात जातं. डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळायला लागतं. मग चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, स्वतःच रेस होत जातं आणि फुटू शकतं. असं झालं तर गाडी उभी करून ब्रेक घट्ट दाबायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन मारायचं. बॉनेट उघडून हवेच्या तोंडाशी हात घालायचा नाही. माझं नशीब, त्या रात्री तिथपर्यंत गेलं नाही.

त्यानंतर मी डायरी ठेवायला लागलो. शेताची होतीच, तिच्यात मागची दहा पानं गाडीची. ऑइल दर पाच हजार किलोमीटरला, १५डब्ल्यू-४० चं, पाकिटावर सीएच-४ किंवा त्याच्या वरचा दर्जा लिहिलेला पाहून. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधलं उरलंय म्हणून गाडीत ओतायचं नाही. सकाळी चालू केल्यावर लगेच रेस नाही, ऑइल वर पोचू द्यायचं. थांबल्यावर एक मिनिट मोकळी चालू ठेवायची, घाटातून किंवा हायवेवरून आलो तर दोन. घरातल्यांना पहिल्यांदा विचित्र वाटायचं, मी दारात आलो तरी गाडीतच बसून. आता नातूसुद्धा "आजोबा, टर्बो थंड होतोय" असं सांगतो.

दुसरी बाब हवेची, आणि इथं आपला खान्देश टर्बोचा वैरी आहे. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. त्यात तरसोद-फागणे रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी किती धूळ खाल्ली ते वेगळं सांगायला नको. गाडीनंही खाल्ली. कागदी फिल्टर जमिनीवर आपटून साफ करणारे पुष्कळ आहेत. आपटल्यानं कागद फाटतो. केसाएवढ्या फटीतून गेलेली धूळ लाख फेऱ्यांच्या पंख्यावर वाळूसारखी बसते आणि पात्यांच्या कडा खाऊन टाकते. हवा आतून बाहेर मारायची, दाब कमी ठेवायचा, आणि दोनदा मारून झाला की नवा घ्यायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत जाळीवर सरकीचा भुसा आणि कापसाचे तंतू अडकतात. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधे मी एकदा अक्षरशः मूठभर वात काढली. मे महिन्यात जळगाव पंचेचाळीसच्या वर जातं, त्यात इंटरकूलरचा श्वास कोंडला तर ताकद जाणारच. मग लोक म्हणतात टर्बो गेला. बऱ्याचदा टर्बो शाबूत असतो, रबराचा होज पाईप चिरलेला असतो. काळा धूर आणि "फुस्स" आवाज असेल तर आधी तो बघा. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, तेव्हा टर्बोकडे किंवा पिस्टनच्या रिंगांकडे बघा.

डिझेलबद्दल लोक विचारतात. २०२० च्या एप्रिलपासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त दहा भाग. माझी गाडी बनली तेव्हा पाचशेपर्यंत चालायचं. गंधक काढताना डिझेलचा चिकटपणा, वंगणपणा कमी होतो आणि जुने पंप त्या वंगणावरच चालतात, म्हणून भीती होती. पण त्या डिझेलला वंगणपणाची अटही मानकात आहे, कंपन्या तसं रसायन मिसळतात. माझ्या पंपाला सहा वर्षांत काही झालेलं नाही. खरी भीती पाण्याची, म्हणजे पावसाळ्यात कॅनमध्ये ठेवलेल्या डिझेलची. फिल्टरखालचा पाण्याचा नट महिन्याला सोडतो.

तर इंजिन, टर्बो, डिझेल यांची काळजी घेता येते. २०१४ नंतर टर्बो पुन्हा उघडावा लागलेला नाही, आणि गाडी तेव्हापासून एक लाख चाळीस हजार चाललीय. अडचण दुसरीकडून येते. २.६ टर्बोचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. सीआरडीईचं सामान मिळतं, एमहॉकचं तर गल्लीत मिळतं, पण हिच्यासाठी मालेगाव-धुळ्याला जुन्या सामानात शोधावं लागतं. आणि मेकॅनिकल पंपाचा कान असलेले मिस्तरी म्हातारे झाले. ज्यानं माझा टर्बो बसवला तो आता दुकानात फक्त खुर्चीवर बसतो, पोरगा लॅपटॉप लावून नव्या गाड्या बघतो. माझी गाडी आली की म्हाताऱ्याला हाक मारतो.

कायद्याचं म्हणाल तर दिल्लीचा नियम इकडे लावून लोकांना घाबरवू नका. तिथं हरित लवादानं २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. तो दिल्ली परिसराचा विषय. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवून मिळतं. धुराची मर्यादा आहे, बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला ६५ एचएसयू. ती पाळलीच पाहिजे. माझ्या गाडीमागून शाळेची पोरं सायकलवर जातात, त्यांच्या तोंडावर काळा धूर सोडून "माझी जुनी गाडी अजून चालते" म्हणण्यात काही मोठेपणा नाही.

मुलाचंही एक म्हणणं बरोबर आहे. हिच्यात एअरबॅग नाही. हायवे आता गुळगुळीत झाला तिथं शंभरनं गाड्या जातात, आणि हिचे ब्रेक २००६ चे. तो रोज जळगावला जाणार असता तर मीच सांगितलं असतं, नवी घे. पण तो जात नाही. रोजचं काम पंधरा-वीस किलोमीटरचं, कच्च्या रस्त्याचं, त्याला ही पुरते. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला येतो आणि आपल्या घरात पैसा वर्षातून दोनदा. या वर्षीचा कापसाचा हिशेब अजून लागायचाय. भंगारवाल्या केंद्रानं जो आकडा सांगितला त्यात माझ्या बोअरची मोटारही येत नाही, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते ती नवी घेणाऱ्याला.

म्हणून पाच वर्षं वाढवायचं ठरवलं. दोन अटींवर, मुलाच्याच. ब्रेक पूर्ण नवे करायचे, आणि रात्री दवाखान्याचं काम निघालं तर या गाडीवर विसंबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. दुसरी अट मी एका शब्दात मान्य केली.

सोमवारी धूर तपासायला नेतो. त्याआधी नोझल काढून दाब बघायला दिलेत आणि फिल्टर नवा टाकलाय. इंटरकूलरला खालच्या कोपऱ्यात झिरपा आहे, तात्पुरता भरलाय. कोणाकडे २.६ टर्बोचा जुना इंटरकूलर शाबूत पडून असेल तर खाली कळवा, भंगारात घालू नका. मी येऊन घेऊन जाईन.